रुळांकडची बावीस झाडं

बोर्डी,
२१ सप्टेंबर १९६५

प्रिय शमसू,

पण 'कोणीतरी' म्हणजे कोण, एवढं विचारलंस आणि गाडी सुटली. परवा घोलवड स्टेशनवर तू खिडकीतून म्हणालास, "काशी, अब्बांविरुद्ध कोणीतरी लिहून दिलंय. ते बोर्डीतलंच आहे. मला फक्त एवढंच कळायला हवं, कोण." मी प्लॅटफॉर्मवरून धावत ओरडलो, "मी शोधून काढतो!" तुला ऐकू आलं की नाही माहीत नाही, म्हणून पुन्हा लिहितो. मी शोधून काढतो. मला आठ दिवस दे.

इकडचं आधी सांगतो. तुमच्या घराचं कुलूप मी रोज जाऊन ओढून बघतो. कोंबड्या शुक्री वाडीतलं काम आटोपून तिच्या पाड्यावर घेऊन गेली. तुझ्या अम्मीला, अमीनामावशींना सांग, अंडी ती खाणार नाही, पिल्लं काढणार आहे, असं तिने मला दोनदा बजावून सांगितलं. भरूचला तुझ्या मामांकडे जागा कमी आहे ना? मावशींना दम्याचा त्रास आहे, त्यांना खिडकीजवळ झोपू दे.

चाचांना नेलं त्या दिवशी, म्हणजे बुधवारी सकाळी, मी नव्हतो. समुद्रावर दक्षता मंडळाच्या ड्युटीवर होतो. परत आलो तर आमचे तात्या ओटीवर बसलेले. म्हणाले, "दाऊदभायला नेला. जीपमधून. आपल्याच वाडीतून." मी विचारलं, "तुम्ही काही बोलला नाहीत?" ते म्हणाले, "काय बोलणार? साहेबाच्या हातात कागद होता." मी वाडीत गेलो. चाचांची चुन्याची बादली रुळांकडच्या झाडाखाली आडवी पडली होती. चुना सांडून पावसात गेला होता.

तू मंडळावर रागावशील. रागाव. पण शमसू, लढाई चालू आहे रे. आपल्या किनाऱ्यापासून कराची किती लांब, ते मी नकाशावर मोजलंय. दक्षता मंडळाने सगळ्यांच्याच खिडक्या तपासल्या, सगळ्यांनाच काचांवर ब्लॅकआउटचे कागद लावायला सांगितले. तुमच्याकडे तीनदा आलो, हे खरं. पण ड्युटी लावणारे धोंडूकाका. मी नुसती शिट्टी वाजवली. तिसऱ्या वेळी मावशींनी मला लिंबाचं सरबत दिलं आणि मी ते गळ्यात शिट्टी तशीच ठेवून प्यायलो.

मंडळाने वरती एक रिपोर्ट पाठवला होता, हेही खरं. पण तो जनरल होता. त्यात कोणाचंही नाव नव्हतं. हे मला पक्कं माहीत आहे.

तुझा,
काशीनाथ

माझं मराठी सांभाळून घे. चौथीपर्यंत तुझ्या पाटीवरचं बघून लिहीत होतो, नंतर मुंबईला इंग्लिश शाळेत गेलो आणि तुझी पाटी लांब राहिली.


बोर्डी,
४ ऑक्टोबर १९६५

प्रिय शमसू,

आठ दिवस मागितले होते, तेरा झाले.

लढाई थांबली. काचांवरचे कागद लोकांनी काढले, आमच्या दारावरचे मात्र अजून आहेत, आई म्हणते खळ पक्की बसलीय, निघत नाही. गाव पुन्हा आपापल्या कामाला लागलंय. चाचा ठाण्याच्या तुरुंगातच आहेत. कधी सोडणार, कोणाला माहीत नाही.

मी धोंडूकाकांकडे गेलो. विचारलं, "काका, दाऊदचाचांविरुद्ध कोणी लिहून दिलं?" त्यांनी हातातला पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "काशी, तू मला विचारतोस?" मी विषय बदलला, नारळाचा भाव विचारला.

एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात परवा हाच विषय चालला होता. एक जण म्हणाला, "पाकिस्तानचं विमान आपल्या चिकूवाडीवर येऊन काय करणार? चिकू खाणार?" सगळे हसले. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणी म्हणालं, "हसू नका. झाडाझाडावर चंद्र काढला होता." हसणं थांबलं. मग एकेक जण सुरू झाला. दाऊदभाई तसा बरा माणूस, पण. कधी कोणाशी भांडला नाही, पण. मुलगा मराठीत पहिला यायचा, पण. मी चहा अर्धा टाकून उठलो.

सप्टेंबरच्या आधी बोर्डीत त्या खुणेला कोणी चंद्र म्हटल्याचं तुला आठवतंय? मला नाही. बागवान झाडावरचा माल आधी ठरवून घेतो आणि आपल्या झाडाला चुन्याची खूण मारतो, म्हणजे चिकू काढणाऱ्या बायका दुसऱ्याच्या झाडावर चढत नाहीत. कोणाची फुली, कोणाच्या दोन रेघा, चाचांचा तो अर्धा वळसा. पावसाने चुना धुतला की पुन्हा मारायचा. आमच्या वाडीची पायवाट रुळांच्या कुंपणाला लागून, बायका तिकडूनच येतात, म्हणून खूण त्या अंगाला. हे मी तुला कशाला सांगतोय? तू तर ह्या चुन्यावरच वाढलास. मला ते एकदा कागदावर मांडून बघायचं होतं. मांडलं, तर एवढंसंच भरलं.

एक गोष्ट मात्र तुला सांगायलाच हवी. शुक्री डहाणूला गेली होती. एकटी, चालत. काल वाडीत गवत काढत होती तेव्हा तिने सांगितलं.

"पोलिसात गेलू. बोललू, चुना मी लावला. म्हाताऱ्याचा गुडघा दुखतो, तो बादली धरतो, कुंचा मी मारते. मग मला धरा, त्याला सोडा."

"मग?"

"मग काय? शिपाय हसला. बोलला, तुझा अंगठा कुठं घेऊ, इथं अर्ज इंग्लिशमधी आहे." तिने विळा गवतात खुपसला. "काशीशेट, ज्यानी लिवला ना, त्याला चुना कशाला लावतात ते ठाऊक नाय. शेरातला आसंल कोणी."

तिने माझ्याकडे बघितलंही नाही, पुढची ओळ धरली.

तुझा,
काशी


बोर्डी,
१९ ऑक्टोबर १९६५

प्रिय शमसू,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमनने आधी वाचलं आणि मग दिलं, आणि म्हणाला, "भरूचहून आहे." जणू भरूच सरहद्दीपलीकडे आहे.

कार्डावर एकच ओळ. 'झाडं मी दिली होती, असं तात्यांनी लिहून दिलं का?' नमस्कार नाही, सही नाही. ठीक आहे.

नाही दिलं लिहून. मी प्रयत्न केला, तो जसा झाला तसाच सांगतो, सजवून नाही.

दुपारी जेवण झाल्यावर तात्या सुपारी कातरत बसले होते. मी कागद पुढे ठेवला. म्हटलं, "दोनच ओळी आहेत. रुळांकडची बावीस झाडं मी दाऊदभाईंना दिली होती, आणि खूण धंद्याची आहे. खाली सही करा."

"मी सांगितलं नसतं का? कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"आता विचारतायत."

"कोण?"

"शमसू."

अडकित्ता थांबला. "हे बघ. दाऊदभाय सोन्यासारखा माणूस. पंचवीस वर्षं आपला माल घेतोय, एका शब्दाची कटकट नाही. मी कधी नाही म्हटलं? पण त्यांच्या लोकांचं सांगता येत नाही रे."

"त्यांचे लोक म्हणजे कोण, तात्या? मावशी आणि शमसू. दोघंच तर आहेत."

"कॉलेजात शिकलास ते मला उलटं विचारायला? उद्या साहेब म्हणेल, वाडी कोणाची? ह्याची. खुणा कोणाच्या परवानगीने? ह्याच्या. घाला ह्यालाही जीपमध्ये."

आई दारात ताक घेऊन उभी होती. म्हणाली, "तुम्हाला नाही घालणार."

"का नाही घालणार?"

"तुम्हाला कशाला घालतील?" एवढंच म्हणून तिने ताक खाली ठेवलं आणि आत गेली.

तात्यांनी कागद घडी करून पानाच्या डब्याखाली ठेवला. अजून तिथेच आहे.

आणि ऐक, ह्याच्याहून वाईट आहे. ती बावीस झाडं तात्यांनी वापीच्या गोविंदजी बागवानाला दिली. काल त्याचा माणूस आला आणि रुळांकडच्याच अंगाने प्रत्येक झाडाला दोन-दोन रेघा मारून गेला. ताज्या, पांढऱ्याशुभ्र, गाडीतून सुद्धा दिसतील अशा. पॅसेंजर गेली, एक्स्प्रेस गेली. कोणीही काही म्हटलं नाही. मी कुंपणाशी उभा राहून वाट बघत होतो, कोणीतरी काहीतरी म्हणेल.

काशी


बोर्डी,
७ नोव्हेंबर १९६५

शमसू,

मी लिहिलं ते.

हे वाक्य मी चार वेळा फाडलंय, आता राहू देतो. दिवाळी झाली, तू अजून नावाची वाट बघतोयस, आणि मी शोधतोय शोधतोय असं नाटक करतोय. शोधायचं काहीच नव्हतं. मंडळाचा रिपोर्ट मी लिहिला. इंग्लिशमध्ये. मंडळाने नुसत्या सह्या केल्या. त्यातल्या अर्ध्यांना तो वाचता येत नव्हता.

आता सगळं सांगतो, मध्येच थांबू नकोस.

कॉलेज बंद झालं म्हणून मी मुंबईहून आलो होतो. मला काहीतरी करायचं होतं. दंडावर पट्टी, गळ्यात शिट्टी, टॉर्चला निळा कागद. रोज समुद्रावर जाऊन काही दिसतं का बघायचं, आणि काहीच दिसायचं नाही. धोंडूकाका म्हणाले, "तालुक्याहून विचारणा आलीय, गावात काही संशयास्पद असेल तर कळवा. काशी, तू इंग्लिशमध्ये झकास लिही, आपल्या मराठी अर्जाला कोण विचारतो?" मी घरी येऊन टेबलाशी बसलो. लिहायला काहीच नव्हतं. कोळ्यांच्या होड्या, एक बंद पडलेली मोटार. मग मला ती झाडं आठवली.

मी लिहिलं, रेल्वेलाइनच्या बाजूने बावीस झाडांवर चंद्रकोरीच्या आकाराच्या पांढऱ्या खुणा, वारंवार ताज्या केल्या जातात, करणारा विशिष्ट समाजाचा फळांचा व्यापारी. चंद्रकोर हा शब्द माझा, शमसू. गावात तो माझ्या कागदातून आला. इंग्लिशमध्ये ते वाक्य फार छान झालं होतं. मी ते मोठ्याने वाचून बघितलं. मला ते वाक्य आवडलं.

नाव नाही घातलं. ह्याच्यामागे मी दोन महिने लपलो. पण बोर्डीत तसा माणूस एकच.

मी मंडळात ते मराठीत सांगितलं तेव्हा धोंडूकाकांनी विचारलं होतं, "काशी, ही बागवानाची खूण तर नव्हे? तुमच्याच वाडीत आहे." त्यांनी विचारलं रे. ज्यांना आपण दोघं कर्मठ म्हातारा म्हणून हसायचो, त्यांनी विचारलं. आणि मी म्हणालो, "काका, कळवणं आपलं काम. तपासणं त्यांचं." सगळ्यांना ते पटलं. मला वाटलं, काय मुद्देसूद बोललो.

मला माहीत होतं ती खूण कसली. सात वर्षांचा असताना मीच बादली धरायचो. चुन्यात गुळाचं पाणी घालतात, म्हणजे पकडतं, हे चाचांनीच शिकवलं, आणि मी तो गूळ चोरून खायचो. एकदा विचारलं होतं, तुमची खूण वाकडी का? ते म्हणाले, "हात फिरतो तशी येते, दिकरा. सरळ रेघ मारायला हात थांबवावा लागतो."

मग का लिहिलं, असं तू विचारशील. उत्साहात लिहिलं, असं म्हणणार होतो. ते अर्धंच आहे. ते वाक्य लिहिताना मला एक क्षण खरंच वाटलं, की काय सांगावं, असेलही. एक क्षणच. पण वाटलं. तुमच्या घरी जेवलोय, ईदला माझ्यासाठी मावशी वेगळी वाटी बाजूला काढायच्या, आणि तरी वाटलं. तात्या 'त्यांचे लोक' म्हणाले तेव्हा मी केवढा चिडलो होतो. त्यांच्या तोंडातलं माझ्याच पोटात होतं.

गोविंदजींच्या रेघा बघताना मला तसं काहीच वाटलं नाही, हे मी तपासून बघितलंय.

माफी मागत नाही. चाचा आत असताना कसली माफी. उद्या ठाण्याला जाऊन मी लिहिलेलं खोटं आहे असं लिहून देणार आहे.

काशीनाथ


बोर्डी,
२ डिसेंबर १९६५

शमसू,

तुझं उत्तर नाही. बरोबर आहे. तरी कळवायला हवं म्हणून लिहितो.

'उद्या' म्हणालो होतो, जायला अकरा दिवस लागले. तात्यांनी तीन दिवस अबोला धरला, मग पाया पडायला आले. माझे वडील, माझ्या पाया. मी तरी गेलो.

दादरला गाडी बदलून ठाणे. कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. शेवटी एका क्लार्कने फाइल उघडली. म्हणाला, "इथे तुमचं नाव कुठेच नाही. मंडळाचा रिपोर्ट आहे."

"मंडळाचा मी लिहिलाय."

"मग मंडळाने मागे घ्यायला पाहिजे."

"मंडळ घेणार नाही. मी माझ्यापुरतं देतो."

त्याने माझं नाव पुन्हा वाचलं. मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात, अगदी मोठ्या भावासारखं विचारलं, "तुम्ही हिंदू ना हो? मग तुम्हाला काय त्रास?"

मी चार पानं लिहून दिली. ह्या वेळी एकही छान वाक्य नाही. झाडं किती, कोणी कोणाला दिली, चुना कशाचा, कुंचा कोणाच्या हातात, आणि शुक्री डहाणूला जाऊन सांगून आली होती ते. त्यावर शिक्का मारून घेतला. कॉपी सोबत पाठवतोय. तुला वाटलं तर वकिलाला दाखव, वाटलं तर चुलीत घाल.

चाचांना भेटू दिलं नाही. नातेवाईक कोण, असं विचारलं. मी परत फिरलो.

काशीनाथ


बोर्डी,
१५ जानेवारी १९६६

प्रिय शमसू,

चाचा आले, ते तुला तारेने कळलंच. माझ्या चार पानांनी आले की ताश्कंदची बोलणी ठरल्यावर सगळ्यांनाच सोडतायत म्हणून आले, ते कोणी सांगितलं नाही. कागदावर कारण नाही. तू विचारू नकोस, मीही श्रेय घेत नाही.

त्यांनी तुला भरूचला येणार नाही असं कळवलंय, आणि तू हट्ट समजतोयस. तो हट्ट नाही. मी गेलो तेव्हा ते अंगणात टोपल्या तपासत बसले होते. उंदरांनी बुडं खाल्लीत. डावा पाय लांब करून बसतात आता, दुमडत नाही. मी फाटकातच उभा राहिलो.

"ये, दिकरा. टोपली धर जरा."

मी धरली. ते वेत ओवत राहिले. मी म्हटलं, "चाचा, ते मी लिहिलं होतं."

"माहीत आहे."

"कोणी सांगितलं? शमसूने?"

"शमसूने काय? साहेबाने वाचून दाखवला कागद. इंग्लिश मला कुठे कळतंय? मग मराठीत सांगितला. झाडं किती, तर बावीस. कुठल्या अंगाला, तर रुळांच्या. ताजी कधी करतो, तर पाऊस पडून गेला की. मी मनात म्हटलं, हे रस्त्यावरून बघणाऱ्याचं काम नाय. हा वाडीतला मुलगा आहे."

म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. साडेतीन महिने.

"मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? मालकाच्या मुलानेच लिवलं म्हणू? मग तर साहेबाला जास्तच खरं वाटलं असतं." ते थोडे हसले. मग टोपली माझ्या हातातून घेतली. "तू भरूचचं विचारायला आलास ना? भरूचला चिकू कुठे आहे? मेव्हण्याच्या दुकानात बसून कापड मोजू ह्या वयात?"

पण इथेही झाडं नाहीत, शमसू. ते तीन वाड्यांत जाऊन आले. तिघांनीही ओटीवर बसवलं, पाणी दिलं. एक म्हणाला, यंदा दुसऱ्याला दिली हो. एक म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. तिसरा मनाने बरा आहे, तो म्हणाला, "झाडं घ्या दाऊदभाय, पण खूण मारू नका." चाचांनी विचारलं, "खुणेशिवाय माझं झाड कोणतं, ते चढणारीला कसं कळणार?" चाचा उठून आले. तात्यांकडे ते गेलेच नाहीत, आणि तात्या रोज संध्याकाळी ओटीवर बसून रस्त्याकडे बघत असतात, की आता येतील.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहितोय ते. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर गावच्या मैदानावर दक्षता मंडळाचा सत्कार आहे. धोंडूकाका यादी घेऊन आले. "काशी, पहिलं नाव तुझं. दोन शब्द बोलायची तयारी कर."

मी म्हटलं, "मला नको."

"नको कसं? लोक विचारतील का नको."

"मग सांगतो का नको ते. सगळ्यांसमोर सांगतो. खूण कसली होती आणि कागद कोणाचा होता."

ते ओटीच्या पायरीवर बसले. चष्मा काढून धोतराला पुसला. "मी तुला तेव्हा विचारलं होतं," ते म्हणाले. "मग गप्प का बसलो, हे मला कोणी विचारलं तर मी काय सांगू?" मला वाटलं होतं ते ओरडतील, मंडळाची अब्रू वगैरे काढतील. यादीत माझं नाव तसंच ठेवून ते निघून गेले.

मी खुशीतच चाचांकडे गेलो. खरंच खुशीत. वाटलं, आता काहीतरी सरळ होईल. गावाने ऐकलं की वाड्यांची दारं उघडतील. चाचांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नको."

"चाचा, तुमचं नाव साफ होईल."

"माझं नाव घेऊच नको. चांगलं म्हणून घेशील तरी नको. तू बोलशील, लोक टाळ्या वाजवतील. किती खरा मुलगा, म्हणतील. आणि संध्याकाळी हॉटेलात पुन्हा दाऊद, दाऊद. कोण म्हणेल नव्हताच, कोण म्हणेल धुरामागे काहीतरी असेलच. आता कुठे चार लोक विसरायला लागलेत. मला राहायचंय इथे. माझ्याकडे बघून कोणाला काही आठवू नये, एवढंच मला हवं."

त्यांनी माझा हात धरला होता हे बोलताना. शमसू, ते विनवत होते. मला.

शुक्री तिथेच कोंबड्या सोडत होती. परत आणल्यात तिने, अकरा पिल्लांसकट. मी आल्यावर तिने एकदाही माझ्याकडे बघितलं नव्हतं. कोणी लिहिलं ते तिला आता माहीत आहे, चाचांना सांगितलं त्याच दिवशी मी तिलाही सांगितलं. तेव्हा ती थुंकली होती, जमिनीवर, माझ्यावर नाही. आता एकदम उभी राहिली आणि चाचांना म्हणाली, "विसरतील कशाला? विसरलं तं झाड देतील? तीन वाड्यांत गेलास, दिलं कोणी? तो बोलू दे. तोंडानं बोलू दे, आमच्यासमोर, कागदावर नाय."

"तुला काय कळतंय?" चाचा म्हणाले.

"मला चुना कळतो," ती म्हणाली. "ह्या हंगामात बादली धरायला बोलावशील का नाय, ते सांग." आणि चाचा टोपली उचलून आत गेले.

तेव्हापासून मी दोन्ही बाजूंनी विचार करतोय आणि दोन्ही बरोबर वाटतात. गप्प बसलो तर सव्वीस तारखेला माझ्या गळ्यात हार पडेल, आणि गावाच्या लेखी त्या झाडांवर कायमचा चंद्र राहील. बोललो तर ज्या माणसाचं मी न विचारता एवढं वाईट केलं, त्याचं ह्या वेळी 'नको' म्हटल्यावरही करीन. सत्काराला गेलोच नाही तर तेही गप्प बसणंच. आणि एक भीती मनात आहे, ती लपवत नाही. मला बोलायचंय ते चाचांसाठी, की मैदानावर बोलायचं वाक्यही मला त्या रिपोर्टातल्या वाक्यासारखंच आवडायला लागलंय?

सप्टेंबरमध्ये मी कोणाला विचारलं नाही. ह्या वेळी विचारतोय. चाचांनी नको म्हटलंय, शुक्री म्हणते बोल, आणि तू त्यांचा मुलगा आहेस. अजून अकरा दिवस आहेत. माझ्याशी बोलायचं नसेल तर कार्डावर एकच शब्द लिही, सही नको.

त्यांचं ऐकून मी गप्प बसू, की त्यांचं न ऐकता बोलू? तुला काय वाटतं?

काशीनाथ